वर्ध्याच्या उन्हात थर्मल कॅमेरा का गोंधळतो? आणि उष्णतेची 'फिरकी' म्हणजे काय?

समजा, वर्धा जिल्ह्यातल्या बोर व्याघ्र प्रकल्पावरून मे महिन्यात भर दुपारी थर्मल कॅमेरा लावलेला ड्रोन उडवला. पारा ४५ अंशांवर, खडक त्याहून तापलेले. त्यात पहुडलेला वाघ वेगळा ओळखणं अवघड. कारण हा कॅमेरा इन्फ्रारेड प्रकाश किती येतोय, एवढंच मोजतो.

असा प्रकाश प्रत्येक वस्तू सोडते. ४५ अंशांच्या खडकाचा प्रकाश ९ मायक्रोमीटरच्या लहरींभोवती सर्वांत तीव्र असतो, आपल्या अंगाचाही जवळपास तिथेच. आणि या लहरी जत्रेतल्या गर्दीसारख्या कशाही, कुठल्याही दिशेने थरथरतात.

लहरीचं कंपन स्क्रूच्या आट्यांसारखं डावीकडे किंवा उजवीकडे फिरत पुढे गेलं, तर त्याला वर्तुळाकार ध्रुवीकृत प्रकाश म्हणतात. थ्रीडी सिनेमाचे बरेच चष्मे यावरच चालतात: एका डोळ्याला डावी फिरकी, दुसऱ्याला उजवी. उष्णतेच्या प्रकाशाला फिरकी द्यायची तर समोर फिल्टर लावावे लागतात आणि निम्मा प्रकाश तिथेच वाया जातो.

'मेटासरफेस' हा त्यावरचा उपाय. सपाट थरावर डोळ्यांना न दिसणारी नक्षी कोरायची, तीही अशी की आरशातली तिची प्रतिमा कितीही फिरवली तरी मूळ नक्षीशी जुळू नये. थर तापला की प्रकाश फिरकी घेऊनच बाहेर पडतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये हे प्रयोगातून दाखवलं.

२०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतल्या गटाने एकाच थरावर जागोजागी ही फिरकी हवी तशी ठरवून दाखवली. नक्षीचा कोन बदलून लहर पुढेमागे सरकवायची, या युक्तीमागचं तत्त्व आपल्याकडचं आहे. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. पंचरत्नम यांनी ते १९५६ मध्ये मांडलं, ऐन विशीत. जगाने खरी दखल घेतली १९८० च्या दशकात, मायकेल बेरी यांच्या कामानंतर. पंचरत्नम १९६९ मध्येच गेले होते.

मग वाघाच्या कॉलरवर अशी चकती लावली तर? कल्पना भारी आहे, पण एक मेख आहे. चकती जी फिरकी सोडत नाही, ती बाहेरून आली की परतवते. भोवतालही तेवढाच तापलेला असेल, तर दोन्ही फिरक्या सारख्याच होतात आणि फरक पुसला जातो. वरून पाहणाऱ्या ड्रोनला थोडी आशा आहे, कारण उन्हाळ्यातलं निरभ्र आकाश इन्फ्रारेडमध्ये जमिनीपेक्षा बरंच थंड असतं.

तूर्तास हे नमुने प्रयोगशाळेतच आहेत. जंगलाआधी त्यांचा उपयोग रेणूंची डावी-उजवी रचना तपासणाऱ्या उपकरणांत होण्याची शक्यता जास्त. औषधांच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा असतो.