चुन्याशी वैर असणारी फुलझाडे

थंडीच्या दिवसांत रोपवाटिकांतून अझेलियाच्या कुंड्या दिसू लागतात. लहानसे गर्द पानांचे झुडूप आणि पाने झाकून टाकणारी गुलाबी, पांढरी वा लाल फुले! अशी कुंडी घरी आणावी, तिने महिनाभर व्हरांड्यास शोभा द्यावी आणि पुढे पाने पिवळी पडून उन्हाळ्याच्या तोंडीच ती वाळून जावी, असा अनुभव आमच्या पुष्कळ वाचकांस आला असेल. दोष बहुधा उन्हाच्या माथी मारला जातो. ऊन निर्दोष आहे असे नव्हे. परंतु आमच्या मते मुख्य शत्रू निराळा असून तो आपण रोज आपल्याच हाताने कुंडीत ओतीत असतो. तो म्हणजे पाण्यातला चुना.

अझेलिया ज्या एरिकेसी कुळातली, ते कुळच मुळी दरिद्री जमिनीत वाढलेले. स्कॉटलंडच्या उजाड माळांवर जांभळी छटा पसरविणारे हीथर याच कुळातले. त्याचे शास्त्रीय नाव कॅलुना; ते झाडून काढणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले, कारण त्याच्या फांद्यांच्या केरसुण्या बांधीत. हिमालयातील बुरांश आणि निलगिरीवरील तांबड्या फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन हीही याच घरची मंडळी. यांतील एरिका या एकट्या प्रजातीत आठशेच्या वर जाती आहेत व त्यांतील बहुसंख्य दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रदेशातल्या. तेथील बरीचशी जमीन रेताड, आम्ल आणि खनिजांच्या बाबतीत कंगाल. अशा जमिनीत या झुडपांनी केसासारखी बारीक मुळे धरली आणि त्या मुळांत राहणाऱ्या एका प्रकारच्या बुरशीशी सख्य केले. ती बुरशी त्यांस अन्न मिळवून देते. जमिनीत चुना वाढला की लोह त्यांच्या मुळांस मिळेनासे होते. मग कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पान असे दिसले म्हणजे खत घालण्याची घाई करू नये. जास्वंदीला मानवणारा खुराक येथे बाधतो.

ही झुडपे जोपासणे म्हणजे निव्वळ श्रीमंती हौस, असे कोणी म्हणेल. केपमधील एका जातीची हकीकत मात्र वेगळे सांगते. १७७२ साली इंग्लंडातील क्यू उद्यानाने फ्रान्सिस मॅसन यास केपला धाडले. त्याने आणि मागून गेलेल्यांनी एरिकाची रोपे व बिया युरोपात पाठविल्या, आणि तिकडे काचगृहांत एरिका वाढविण्याचे वेडच पसरले. एरिका व्हर्टिसिलाटा ही केप टाऊनजवळच्या सखल, ओलसर वाळवंडीतली जात. पुरुषभर उंच झुडूप, फांदीभोवती कड्याकड्यांनी लोंबणारी गुलाबी नळीदार फुले, आणि त्यांतील मधासाठी येणारे शिंजीर पक्षी. शहर वाढले, शेती वाढली, फुले तोडून बाजारात विकली गेली आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही जात रानातून नाहीशी झाली. पुढे शोध सुरू झाला, तेव्हा १९८४ साली प्रिटोरियातील एका सार्वजनिक उद्यानात तिचे झुडूप सापडले. क्यू आणि व्हिएन्ना येथील उद्यानांतही ती कुंड्यांतून जिवंत होती. माळ्यांच्या पिढ्यांनी कलमांमागून कलमे करून ती टिकविली होती! किर्स्टनबॉश उद्यानात त्या सर्वांची वाढ करण्यात आली आणि १९९४ साली केप टाऊनच्या राँडेव्लेई अभयारण्यात रोपे पुन्हा लावली गेली.

आता आपल्या अंगणाकडे वळू. केपच्या एरिका आपल्याकडे मैदानी प्रदेशात लावण्याचा आग्रह धरू नये. अझेलिया मात्र जपता येते. माळव्यातील वाचकांस हिवाळा अनुकूल आहे, पण काळी माती नाही. गोमंतकात उलटे, तेथील जांभ्याची तांबडी माती आम्ल, पण हवेत गारवा नाही. बेळगाव-खानापूरकडील मंडळी भाग्यवान, त्यांस दोन्ही थोडेफार लाभते. आपल्या मातीत चुना आहे की नाही हे पाहण्यास चमचाभर सुक्या मातीवर लिंबाचा रस पिळावा. फसफसली, तर त्या मातीत अझेलिया लावू नये. कुंडीत कुजलेला पालापाचोळा, नारळाच्या काथ्याचा भुसा आणि जाड वाळू एवढेच असावे. कुंडी मातीची घ्यावी. नव्या सिमेंटच्या कुंडीतून चुना पाझरतो. चुलीची राख, हाडांचा चुरा आणि साबणाचे पाणी ही तिन्ही वर्ज्य. दिवाळीत कुंड्यांस चुन्याचे पट्टे ओढण्याची चाल असेल, तर ही कुंडी त्यातून वगळावी.

पाणी शक्यतो पावसाचे साठवून घालावे, विहिरीचे वा कूपनलिकेचे टाळावे. पाने पिवळी पडलीच, तर हिराकस अगदी अल्प प्रमाणात, भरपूर पाण्यात विरघळवून द्यावा. मुळे वरच्या थरातच असतात, म्हणून खुरप्याने माती उकरू नये; वर वाळलेल्या पानांचा थर द्यावा. माती कधी पूर्ण सुकू देऊ नये आणि तळाशी पाणीही साचू देऊ नये. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची सावली, एवढे पुरे.

छाटणी फुले ओसरताच उरकावी. पुढील हंगामाच्या कळ्या नंतरच्या महिन्यांत धरू लागतात. उशिरा कात्री चालविली, तर त्याच कापल्या जातात. छाटलेल्या डहाळ्या मात्र गाईगुरांपुढे टाकू नयेत आणि मुलांच्याही हाती देऊ नयेत. अझेलियाची पाने व फुले विषारी आहेत, आणि शेळ्या तर ती आवडीने खातात.