क्रेडिट साठवाल, पण घेणार कोण?

अमेरिकेत पदवीचा हिशोब ज्या क्रेडिटमध्ये होतो, त्याचे मूळ प्राध्यापकांच्या पेन्शनमध्ये आहे. 1905 मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांनी कॉलेजच्या अध्यापकांना उतारवयात आधार मिळावा म्हणून 1 कोटी डॉलर काढून दिले. पैसे वाटायचे तर कॉलेज कोणाला म्हणायचे हे आधी ठरवणे भाग होते, कारण माध्यमिक शाळेचेच वर्ग चालवून स्वतःला कॉलेज म्हणवणाऱ्या संस्था तेव्हा बऱ्याच होत्या. कार्नेगी प्रतिष्ठानने अट घातली: प्रवेशासाठी विद्यार्थ्याने शाळेत 14 युनिटे पूर्ण केलेली हवीत. एका विषयाचा वर्षभराचा, साधारण 120 तासांचा अभ्यास म्हणजे एक युनिट. पेन्शन कोणाला नको असते? कॉलेजांनी अट मुकाट मान्य केली. पुढे 1910 मध्ये मॉरिस कुक या यंत्र अभियंत्याने त्याच प्रतिष्ठानसाठी विद्यापीठांची पाहणी केली. कुक हा फ्रेडरिक टेलरच्या शास्त्रीय व्यवस्थापनाचा पक्का अनुयायी. कारखान्यात नगामागे खर्च काढतात तसा शिक्षणाचाही काढावा, म्हणून त्याने ‘विद्यार्थी-तास’ हे माप सुचवले.

म्हणजे मोजला गेला तो बाकावर बसून काढलेला वेळ. डोक्यात काय शिरले, हा प्रश्न बाजूलाच राहिला. या मापावर शंभर वर्षे टीका चालू आहे आणि ती रास्त आहे. पण त्यातून नकळत एक सोय झाली. शिक्षण मोजता आले की ते एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेता येते, निदान कागदावर तरी.

या सोयीची खरी परीक्षा युद्धाने घेतली. पहिल्या महायुद्धानंतर अनेक कॉलेजांनी परतलेल्या सैनिकांना सरसकट क्रेडिट वाटली होती. शिकलेल्याला आणि न शिकलेल्याला एकच माप. दुसऱ्या महायुद्धात तो घोळ टाळायचा ठरला. सैन्यातल्या रेडिओ दुरुस्तीच्या किंवा डिझेल इंजिनाच्या अभ्यासक्रमाची कॉलेजच्या विषयांशी तुलना करून ‘याला इतकी क्रेडिट द्यावीत’ अशी शिफारस करण्याचे काम अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनने अंगावर घेतले. 1944 च्या जी. आय. बिल या कायद्यामुळे वर्षाला 500 डॉलरपर्यंत फी सरकार भरू लागले आणि सुमारे 22 लाख माजी सैनिक कॉलेजात दाखल झाले.

मेख ‘शिफारस’ या शब्दात होती. कौन्सिलने सांगायचे आणि कॉलेजने आपल्या मर्जीने घ्यायचे किंवा हात वर करायचे. बहुतेक कॉलेजांचा नियम असा, की पदवीच्या 120 क्रेडिटपैकी निदान 30 तरी आमच्याकडेच घ्या. त्यावर विभागप्रमुखाचा शेरा वेगळा: तुमचे सर्किट आमच्या सर्किटशी जुळत नाही, विषय पुन्हा करा. पुन्हा करा म्हणजे पुन्हा फी भरा. ही खोड आजही गेलेली नाही. अमेरिकी संसदेच्या लेखापाल कार्यालयाने 2017 मध्ये अंदाज दिला, की 2004 ते 2009 या काळात कॉलेज बदलणाऱ्या विद्यार्थ्यांची सरासरी 43 टक्के क्रेडिट वाटेत गळाली.

या कोंडीतून वाट काढली ती न्यूयॉर्क राज्याने, आणि इतिहासाचा हा भाग आपल्याकडे फारसा ठाऊक नाही. राज्याचे शिक्षण आयुक्त इवॉल्ड नायक्विस्ट यांनी 1970 मध्ये मांडले, की माणसाने ज्ञान कुठे मिळवले हे विचारू नये. ते आहे की नाही एवढे तपासावे आणि पदवी द्यावी. 1971 मध्ये ‘रीजंट्स एक्स्टर्नल डिग्री’ सुरू झाली. एकही वर्ग नाही, वसतिगृह नाही. वेगवेगळ्या कॉलेजांची क्रेडिट, सैन्यातले प्रशिक्षण आणि परीक्षा देऊन मिळवलेले गुण एका गुणपत्रकावर उतरवायचे आणि पुरेसे झाले की पदवी द्यायची, हेच तिचे काम. हीच संस्था आज ऑल्बनीची एक्सेल्सियर युनिव्हर्सिटी आहे. 1972 मध्ये न्यू जर्सीने थॉमस एडिसन कॉलेज काढले (शाळेशी फारसे न जमलेल्या माणसाचे नाव कॉलेजला देण्यात थोडा मिश्कीलपणा असणारच), 1973 मध्ये कनेक्टिकटने चार्टर ओक काढले.

याचा सर्वांत चोख फायदा इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीत दिसतो. अमेरिकी नौदलात अणुभट्टी चालवणारा पोरगा बारावीनंतर भरती होतो. साउथ कॅरोलायनातल्या गूस क्रीक इथे आधी हुद्द्याचे प्रशिक्षण, मग सुमारे सहा महिने न्यूक्लिअर पॉवर स्कूल: गणित, अणुभौतिकी, उष्णता, विद्युत, रसायन, किरणोत्सारापासून संरक्षण. त्यानंतर आणखी सहा महिने चालत्या भट्टीवर हात बसवायचा. ही भट्टी चार्ल्सटनला असते किंवा ऑल्बनीच्या उत्तरेला बॉलस्टन स्पाजवळ. हे सारे लष्करी गुणपत्रकावर क्रेडिटसह नोंदले जाते. इतिहास, मानसशास्त्र, इंग्रजी निबंध असे विषय तो ‘क्लेप’ परीक्षेने उरकतो. 1967 पासून चालू असलेली ही परीक्षा बहुतेक विषयांत दीड तासाची असते, फी शंभर डॉलरच्या आत आणि एका विषयाची सहसा तीन किंवा सहा क्रेडिट. सेवेत असताना ही फीदेखील सरकार भरते. कॅल्क्युलस तो गावच्या कम्युनिटी कॉलेजात करतो. उरतात ते वरच्या वर्षांचे तांत्रिक विषय आणि शेवटचा प्रकल्प. खरा खर्च तेवढाच.

ही वाट सर्वांना सारखी सोपी नाही. अडते ते वरच्या वर्षांपाशीच. निबंधाची परीक्षा घरी वाचून देता येते. कंट्रोल सिस्टिम किंवा पॉवर इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा घरी मांडता येत नाही आणि अशा अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या ‘ॲबेट’ची मोहोर हवी तर प्रयोगशाळा टाळता येत नाही. काही कॉलेजे दहा वर्षांपूर्वीची तांत्रिक क्रेडिट शिळी म्हणून नाकारतात. पदवीच्या नावातही पेच आहे. 1955 च्या ग्रिंटर अहवालानंतर अमेरिकेतले अभियांत्रिकी शिक्षण गणित आणि विज्ञानाकडे कलले. हाताने करायचे जे मागे पडले त्यातून पुढच्या दशकात ‘इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी’ची चार वर्षांची पदवी उभी राहिली. कारखाने या पदवीधरांना आनंदाने घेतात. पण अभियंत्याचा परवाना देताना काही राज्ये त्यांच्याकडून जास्त वर्षांचा अनुभव मागतात, काही तर दारच बंद ठेवतात. स्वस्तात पदवी घेणाऱ्याने हे आधी विचारून घ्यायला हवे, फी भरल्यावर नव्हे.

आता आपल्याकडे वळू. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. विद्यापीठाने परीक्षा घ्यावी आणि संलग्न कॉलेजांनी शिकवावे. गंमत अशी, की पुढच्याच वर्षी, 1858 मध्ये, लंडनने वैद्यक सोडून इतर परीक्षा कोणालाही खुल्या केल्या; कॉलेजात बसण्याची अटच काढली. आपण उचललेला नमुना लंडनने लगेचच टाकला, आपल्यावरचा संलग्नतेचा पगडा मात्र अजून उतरलेला नाही.

कॉलेजबाहेरची एक वाट आपल्याकडेही होती. 1920 साली स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची एएमआयई परीक्षा. वीज मंडळात, बांधकाम खात्यात, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये पाळी करून आलेले डिप्लोमावाले रात्री अभ्यासाला बसत आणि सेक्शन ए, सेक्शन बी पार करत. पार होणारे थोडे, पण झालेल्याला सरकार पदवीधर मानत असे. 31 मे 2013 नंतर नाव नोंदवणाऱ्यांसाठी ती मान्यता थांबली. नोव्हेंबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही अभिमत विद्यापीठांनी परवानगीविना दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर कुऱ्हाड चालवली. ते योग्यच झाले, त्या दुकानदारीचे कौतुक कोणी करू नये. पण बनावट आणि कष्टाची अशा दोन्ही वाटा चार-पाच वर्षांत मिटल्या आणि तिसरी कोणी आखली नाही.

आज डिप्लोमावाल्याला डायरेक्ट सेकंड इयर मिळते. दहावीनंतर तंत्रनिकेतनात काढलेल्या तीन वर्षांची किंमत पदवीच्या एका वर्षाएवढी. त्यानंतर पंधरा वर्षे उपकेंद्रात रिले तपासले असतील तर त्याची किंमत शून्य. नोकरदारांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने (एआयसीटीई) 2023-24 पासून सोयीच्या वेळेचे वर्ग मान्य केले, हे बरेच झाले. तरी तिथेही बसायचे तास तेच आणि फीही भरायचीच.

2021 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने क्रेडिट साठवणारी ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ आणली, 2023 मध्ये राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने कामाच्या अनुभवालाही क्रेडिट देण्याची भाषा केली. खाती धडाधड उघडली जात आहेत. नियम मात्र असा, की पदवी देणाऱ्या संस्थेतूनच निदान निम्मी क्रेडिट मिळवायची. राहिलेली निम्मी स्वीकारताना विभागप्रमुख काय शेरा मारील, ते अमेरिकेच्या अनुभवावरून सांगता येते. तिथे शिफारशीची यंत्रणा युद्धकाळापासून होती, तरी रीजंट्स येईपर्यंत पाव शतक अनेकांची क्रेडिट गुणपत्रकावरच पडून राहिली. नुसत्या खात्याने भागले नाही. दुसऱ्याचे क्रेडिट घेणे हेच जिचे काम, अशी संस्था लागली.

महाराष्ट्रात ती उभी करायला सगळे सुटे भाग आहेत. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे. शासकीय तंत्रनिकेतनांच्या प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. सर्वोच्च न्यायालयाने आणि तंत्रशिक्षण परिषदेने प्रत्यक्ष प्रयोगांचा आग्रह धरला आहे. तो संध्याकाळी आणि रविवारी याच प्रयोगशाळांत पुरा करता येईल. परीक्षा बाहेरच्या परीक्षकांनी घ्यावी, म्हणजे कोणी बोट दाखवणार नाही. कामाला सुरुवात महावितरणच्या प्रशिक्षणापासून आणि एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळांपासून करावी. तिथे काय शिकवले जाते ते प्राध्यापकांनी जाऊन पाहावे, कामगारांची तोंडी परीक्षा घ्यावी आणि विषयवार क्रेडिट ठरवावीत. खासगी कॉलेजे कुरकुर करतील, कारण प्रत्येक मान्य क्रेडिट म्हणजे त्यांची बुडालेली फी. न्यूयॉर्कमध्ये हे काम खुद्द राज्याच्या रीजंट्स मंडळाने हाती घेतले, कॉलेजांच्या मर्जीवर सोडले नाही. मुंबईत ते उच्च व तंत्रशिक्षण खात्याने करायला हवे.