सनदेत गावे होती, माणसे नव्हती

सरंजाम आणि सार्वभौमत्व यांतील भेद भोर-वेल्ह्याच्या माणसास कायद्याच्या पुस्तकातून शिकावा लागत नाही. सारा कोणी खावा आणि राज्य कोणाचे, हे दोन प्रश्न निराळे आहेत, हे पंतसचिवांच्या मुलखातील कुळांस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. हेच हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयास १२ एप्रिल १९६० रोजी सांगावे लागले.

१९५४ साली दादरा व नगर हवेली पोर्तुगिजांच्या हातून गेली. दमणहून तेथे जाण्याची वाट भारताने अडविली, अशी फिर्याद पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये गुदरली. पुरावा कोणता? पेशव्यांशी झालेला १७७९ चा तह आणि १७८३ व १७८५ च्या सनदा! मराठ्यांनी दिले ते केवळ महसुलाचे उत्पन्न, राज्य नव्हे, असा अर्थ न्यायालयाने लावला. आमचे इतिहासाभिमानी येथवर वाचतात आणि टाळ्या पिटतात.

पुढचे पान ते उलटीत नाहीत. मराठ्यांच्या जागी आलेल्या इंग्रजांनी पोर्तुगिजांचे सार्वभौमत्व प्रत्यक्ष व्यवहारात मान्य केले, पुढे भारतानेही ते मुकाट्याने मानले, असेही त्याच निकालात आहे. म्हणजे पेशव्यांनी जे दिलेच नव्हते, ते मागून आलेल्यांच्या मौनाने पोर्तुगिजांच्या पदरात पडले. खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व माल यांना वाट होती, असे न्यायालयाने अकरा विरुद्ध चार मतांनी ठरविले; सैन्य, सशस्त्र पोलीस व दारूगोळा यांना ती नव्हती, हे अवघ्या आठ विरुद्ध सात मतांनी. भारताने कर्तव्यभंग केला नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले.

या साऱ्या मोजदादीत वारली, धोडिया आणि कोकणा कोठे होते? कोठेच नव्हते. त्या न्यायालयाच्या संविधीचे ३४ वे कलम सांगते की, वादी-प्रतिवादी राज्येच होऊ शकतात. ज्याच्या शेतातून वाट जाते, त्याला त्या दारात उभे राहण्याचाही अधिकार नाही. त्याच वर्षी १४ डिसेंबरला राष्ट्रसंघाच्या आमसभेने ठराव १५१४ करून सर्व लोकसमूहांस स्वयंनिर्णयाचा हक्क आहे असे घोषित केले, आणि भारताने तो उचलून धरला. पण १९७९ साली मानवी हक्कांचे दोन करार स्वीकारताना याच भारताने नोंदविले की, हा हक्क परकीय सत्तेखालील लोकांपुरताच आहे. परका गेला की हक्क संपला काय?

सीमा अस्थिर होतील, असे कोणी म्हणेल. सीमा हलवा असे आम्ही म्हणतच नाही. सीमेचा दावा कोणीही जिंको, तेथील माणसाचा हक्क त्या जयापजयावर टांगलेला नसावा, एवढेच आमचे म्हणणे आहे. वतनाच्या कागदात जमीन व चाकरी लिहिली जाई आणि महार त्या चाकरीस आपोआप बांधला जाई. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते हा बंध तोडण्यासाठी. पुढे १९५८ च्या कायद्याने वतने गेली खरी. परंतु फेरदान मिळालेली जमीन विकावयाची तर कलेक्टरची परवानगी लागते, हे भोरच्या कचेरीत हेलपाटे घालणाऱ्यास विचारा.

आता बेळगावकडे पहा. महाराष्ट्राने २००४ साली संविधानाच्या १३१ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. येथेही पक्षकार सरकारेच! त्या पट्ट्यातील मराठी भूमिहीन दलित या दाव्यात पक्षकार नाही. भाषिक राज्यांत बहुसंख्य जातीची सत्ता अल्पसंख्यांच्या डोक्यावर बसेल, हा बाबासाहेबांचा १९५५ चा इशारा दोन्ही बाजूंचे पुढारी सोयीस्करपणे विसरतात. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यास कलम ३५० अ राज्यांस सांगते. त्यासाठी निकालाची वाट पाहावी लागत नाही. सीमेच्या दोन्ही अंगांस ही सोय किती गावांत केली आणि वतनी जमिनी कोणाच्या ताब्यात आहेत, याचा हिशेब दोन्ही सरकारांनी प्रतिज्ञापत्रावर द्यावा.