तीन वजाबाक्या

"काका, गणित मला यायचंच नाही!" शेजारचा मुलगा रडकुंडीला आला होता. मी पडलो मराठीचा मास्तर! तरी विचारले, "आपल्या खडकीची लढाई कधीची?"

"१८१७."

"यातले अंक आधी उतरत्या, मग चढत्या क्रमाने मांड आणि वजा कर. उत्तराचे पुन्हा तेच कर."

८७११ − ११७८ = ७५३३
७५३३ − ३३५७ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

"आणखी एकदा!"

पुन्हा ६१७४च! देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांना १९४९ साली सापडलेली ही संख्या. चारही अंक सारखे नसले, की कोणतीही चार अंकी संख्या फार तर सात पायऱ्यांत इथेच पोचते. मधे तीनच अंक उरले, तर पुढे शून्य मांडावे.

पोराने आपले जन्मसाल घेतले. हातचा चुकला. या खेपेस रडला नाही. खोडून पुन्हा मांडू लागला.