विश्लेषण : पंधराशे रुपयांमुळे खरेच मजूर मिळेनासे झाले?

बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात खुरपणी, छाटणीचे दिवस आले की तक्रार ठरलेली : ‘लाडक्या बहिणीमुळे बाया कामाला येईनात.’ हीच तक्रार फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही उमटली. शहरी बेघरांच्या निवाऱ्याबाबतच्या सुनावणीत न्या. भूषण गवई यांनी निवडणुकीआधीच्या मोफत योजनांमुळे महाराष्ट्रात शेतीला मजूर मिळत नसल्याचे म्हटले होते.

हिशेब काय सांगतो?

तेव्हा अर्थमंत्री असलेले बारामतीचे आमदार अजित पवार यांनी जून २०२४ मध्ये ही योजना जाहीर केली. महिन्याला १,५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. रोजगार हमीची २०२५-२६ ची राज्यातील मजुरी होती दिवसाला ३१२ रुपये. म्हणजे महिन्याचे हे पैसे पाच दिवसांची मजुरीही भरत नाहीत. तेवढ्यावर उरलेले पंचवीस दिवस घरी बसणे कोणत्या घराला परवडेल?

बदल होत असेल तर तो वेगळा आहे. हातात चार पैसे असलेली बाई मिळेल त्या मजुरीला लगेच हो म्हणत नाही. उचलीसाठी मुकादमाच्या दारात जात नाही. ‘मजूर मिळत नाहीत’ या वाक्यातून ‘या दरात’ हे दोन शब्द गाळलेले असतात. लहान शेतकऱ्याला वाढीव मजुरी झेपत नाही, हेही खरे. पण ते दुखणे शेतमालाच्या भावाचे आहे, बाईच्या खात्याचे नाही.

‘फुकट’ कोणाला म्हणायचे?

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज एप्रिल २०२४ पासून मोफत आहे. उसाला एफआरपीचे कायदेशीर संरक्षण आहे. नीरा डावा कालवाही सरकारी खर्चातूनच झाला. या मदतीत गैर काही नाही. पण मोफत विजेने बागायतदार आळशी झाला, असे पारावर कोणी म्हणत नाही.

आणि बेरोजगार?

बारामतीच्या जिरायत भागात एकेकाळी धान्याच्या मोबदल्यात पाझर तलाव खोदले गेले. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा १९७७ मध्ये कायदा झाला. त्यासाठी नोकरदारांवर बसवलेला व्यवसाय कर आजही पगारपत्रकावर दिसतो. काम मागूनही पंधरा दिवसांत मिळाले नाही तर बेरोजगार भत्ता, ही तरतूद २००५ च्या केंद्रीय कायद्यातही आली. मात्र त्यासाठी मागणीची तारखेसह पावती हवी. ती हातात नसेल, तर काम मागितलेच नव्हते असे ठरते.

२०२४ मध्येच सुरू झालेल्या युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना ६,०००, तर पदवीधरांना १०,००० रुपये ठरले. आधी सहा महिने, पुढे वाढवून अकरा. पुढे नोकरीची हमी नव्हतीच. त्या पैशाला ‘विद्यावेतन’ म्हणतात. खुरपणाऱ्या बाईच्या पंधराशेला मात्र ‘फुकटचे’.