‘शिकारी’ एअर रायफल: स्वस्त, पण चांगली आहे का?

‘1200 फूट प्रति सेकंद, लायसन्सची गरज नाही!’ अशा जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. जरा गणित करू. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा खरंच त्या वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा साधारण 33 ज्यूल भरते. शस्त्र नियम 2016 नुसार 20 ज्यूलच्या वर किंवा .177 पेक्षा मोठ्या बोअरला परवाना लागतो. म्हणजे एकतर वेगाचा दावा फुगवलेला, नाहीतर ‘लायसन्स नको’ हे खोटं.

मुळात वेग हा दर्जाचा निकष नाहीच. पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर 10 मीटर एअर रायफलच्या टार्गेटचा ‘दहा’ जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो. तिथे वेग नाही, सातत्य लागतं. स्वस्त रायफलकडून तेवढी अपेक्षा नको. पण बंदूक टेकवून, एकाच डब्यातले पाच छर्रे 10 मीटरवरून कागदावर मारून बघा. सगळे एका नाण्याखाली झाकले गेले, तर माल बरा. इकडेतिकडे पांगले, तर आधी छर्रे बदला, स्क्रू आवळा. तरीही तेच, तर घेऊ नका.

आणि ‘शिकारी’? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानडुक्कर असो वा मोर, परवानगीशिवाय मारणं गुन्हाच, मग हातात एअरगन का असेना.