एक दुपट्टा पुरे!



सुट्टीत पुण्याची नात देऊळघाटला आली. तिच्या बॅगेतून काय काय निघाले.. टोपी, तोंडाला बांधायचा स्कार्फ, मानेखालची उशी, डोळ्यांवरची पट्टी! मी खुंटीवरचा माझा पांढरा सुती दुपट्टा काढला आणि म्हटले, "हे सगळे यात आहे." ती हसली. दुसऱ्या दिवशी शेगावला जायचे होते, पैज लागली.

घरून निघताना दुपट्ट्याचा मध्य कपाळावर धरला, दोन्ही टोके कानांवरून मागे नेली, तिथे फिरवून पुढे आणली आणि एक टोक नाकावरून खोचले. बुलडाण्याच्या स्टँडवर तोच खिडकीतून टाकून जागा धरली. बोथ्याचा घाट उतरलो आणि वारा चटके देऊ लागला. मग बाटलीतल्या पाण्याने भिजवून, पिळून मानेभोवती घेतला. पुढे घडी करून उशी झाली. येताना त्यातच आंब्यांचे गाठोडे! नात म्हणाली, "आजोबा, हरले."

यात जादू काही नाही. आपली त्वचा साधारण 34-35 अंशांची असते. हवा 43 अंशांवर गेली की वारा गार करत नाही, उलट तापवतो. म्हणून तर आपला शेतकरी भर उन्हात उघड्या डोक्याने हिंडत नाही. ओल्या कापडातले एक ग्रॅम पाणी वाळताना सुमारे 580 कॅलरी उष्णता घेऊन जाते. आपल्याकडची हवा कोरडी, म्हणून हा गारवा चांगला लागतो. कोकणातल्या दमट हवेत तो तितका मिळायचा नाही. आणि कापड सुतीच हवे. गुळगुळीत नायलॉन पाणी धरत नाही.

हे सगळे मला वडिलांनी लहानपणीच सांगितले होते. "कान बांध, मंग पाय घराबाहेर काढ," असे ते म्हणत. तरीही मास्तर झाल्यावर मी ते विसरलो.

घाटाखालच्या एका शाळेत होतो. एप्रिल महिना, सकाळची शाळा. एक मुलगा डोक्याला दुपट्टा गुंडाळून वर्गात बसला होता. "हा काय गावठीपणा?" म्हणून मी तो काढून कपाटात ठेवला. शाळा सुटल्यावर परत द्यायचे राहून गेले. पोरगा तीन किलोमीटर उघड्या डोक्याने घरी गेला आणि दोन दिवस तापाने पडून राहिला. तिसऱ्या दिवशी मी दुपट्टा हातात दिला, तेव्हा एवढेच म्हणाला, "गुरुजी, हा बाबाचा आहे. एकच आहे." म्हणजे ते दोन दिवस त्याचा बाप शेतात कसा राबला असेल?

त्या पोराची मी माफी मागितली नाही. आज मागावीशी वाटते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, मुलांच्या डोक्यावरचे कापड शिस्तीत मोडू नका. वर्गात काढायला सांगा, पण घरी जाताना आठवणीने बांधायला लावा. आणि सत्कारात जरीकाठी शाली देता ना? त्याऐवजी एक सुती दुपट्टा द्या. शाल कपाटात जाते, दुपट्टा खांद्यावर राहतो.

असो. तुमच्याकडे कोण कसा बांधतो, जरूर कळवा. आणि उन्हात निघताना कान झाका!